बरे झालेले ठिसूळ हाडाचे फ्रॅक्चर: एम ८० ठेवायचा, की एम ८१ आणि इतिहासाचा कोड?

वारसिया_रात्रपाळी (बडोदे) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मी बडोद्यातील एका मेडिकल बिलिंग कंपनीत अमेरिकी क्लिनिकांच्या ओपीडी चार्टांचे कोडिंग करते, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदीतील निदानांना आयसीडी-१०-सीएम या अमेरिकी यादीतले कोड लावते. एका चार्टवरून आमच्या क्यूएशी (कोडिंग तपासणाऱ्यांशी) मतभेद झाला असून शुक्रवारपर्यंत रिबटल (लेखी प्रतिवाद) द्यायचे आहे, म्हणून येथे विचारते आहे. रुग्णाची ओळख पटू नये यासाठी वय, सन आणि बाजू बदलून लिहिल्या आहेत.

रुग्ण ७४ वर्षांच्या बाई आहेत. ऑस्टिओपोरोसिसच्या (हाडे ठिसूळ होण्याच्या आजाराच्या) नेहमीच्या फॉलोअपसाठी त्या आल्या आहेत, अलेन्ड्रोनेट ७० मिलिग्रॅमची आठवड्याला एक गोळी चालू आहे आणि डेक्सा स्कॅनचा (हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा) नवा रिपोर्ट जोडलेला आहे. पूर्वेतिहासात दोन नोंदी आहेत: २०१९ मध्ये एल १ मणक्याचे कॉम्प्रेशन फ्रॅक्चर, ब्रेस लावून उपचार, बरे, आणि २०२१ मध्ये स्वयंपाकघरात घसरून डाव्या मनगटाचे फ्रॅक्चर, प्लॅस्टर. पाठ दुखत नाही, असे स्पष्ट लिहिलेले आहे. असेसमेंटमध्ये डॉक्टरांचे वाक्य असे आहे: वयोमानानुसार ऑस्टिओपोरोसिस, पूर्वी फ्रॅजिलिटी फ्रॅक्चर्स झालेली, औषध चालू ठेवणे. मात्र त्या वाक्याखाली सॉफ्टवेअरने प्रॉब्लेम लिस्टमधून (रुग्णाच्या आजारांच्या चालत आलेल्या यादीतून) उचललेला एम ८०.०८एक्सडी हा कोड त्याच्या लांबलचक वर्णनासह येऊन बसला आहे: ऑस्टिओपोरोसिसमुळे मणक्याचे सध्याचे पॅथॉलॉजिकल (आजारामुळे झालेले) फ्रॅक्चर, आणि शेवटचे सातवे अक्षर डी म्हणजे ते भरून येत असतानाची भेट.

मी एम ८१.० (सध्या फ्रॅक्चर नसलेला ऑस्टिओपोरोसिस), त्यानंतर झेड ८७.३१० (बरे झालेल्या ऑस्टिओपोरोसिस फ्रॅक्चरचा इतिहास) आणि झेड ७९.८३ (चालू गोळीसाठी) असे कोड दिले. क्यूएचे म्हणणे असे की, डॉक्टरांनी सही केलेल्या नोंदीत एम ८०.०८एक्सडी असताना कोडरने तो काढू नये. आणि मनगट घसरून पडल्यामुळे मोडले असल्याने ते आघाताचे फ्रॅक्चर ठरते, म्हणून त्यासाठी झेड ८७.८१ (बरे झालेल्या आघाताच्या फ्रॅक्चरचा इतिहास) वेगळा हवा होता.

याच बॅचमध्ये आणखी दोन चार्ट आहेत. एकात स्तनाच्या कर्करोगाचा हाडांत प्रसार झालेल्या बाईंचे मांडीचे हाड मागे मोडले होते, त्यात रॉड घातला होता आणि आता ते हाड जुळले आहे. प्रसारावरील इंजेक्शने मात्र चालू आहेत. दुसऱ्यात एका धावपटू मुलीला दोन हंगामांपूर्वी नडगीचे स्ट्रेस फ्रॅक्चर होऊन गेले आहे. या दोघींसाठी इतिहासाचा कोणता कोड द्यावा, हेही कळल्यास बरे होईल.

मांजलपूरकर

आमच्याकडे सरळ हिशेब आहे. फ्रॅक्चरला वर्ष उलटले की इतिहास, वर्षाच्या आत असेल तर सातवे अक्षर डी. तुमच्या चार्टात वर्षे उलटली आहेत, तेव्हा तुमचे बरोबर.

पाढे_पाठ (कोडिंग प्रशिक्षक)

मांजलपूरकरांचे उत्तर बरोबर निघाले, पण त्यामागचा हिशेब कोणत्याही सूचनेत सापडणार नाही, आणि रिबटलमध्ये तो लिहिलात तर क्यूए पहिल्या वाक्यातच तुम्हाला अडवेल. फ्रॅक्चर इतिहासजमा होण्यासाठी कॅलेंडरची अट नाही. सात महिन्यांत बरे झालेले फ्रॅक्चर इतिहासात जाते आणि दोन वर्षांनीही न जुळलेले हाड चालू फ्रॅक्चरच राहते. त्यासाठी के हे सातवे अक्षर मुद्दाम ठेवलेले आहे.

आता मूळ आधार पाहू. आयसीडी-१०-सीएमच्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांमध्ये पहिल्या विभागातील सी.१३.डी हा भाग केवळ ऑस्टिओपोरोसिसविषयी आहे, आणि त्यात तुमच्या चार्टाचे उत्तर जवळजवळ जसेच्या तसे दिलेले आहे. ज्या रुग्णाला ऑस्टिओपोरोसिस आहे पण त्या आजारामुळे झालेले फ्रॅक्चर सध्या नाही, त्याच्यासाठी एम ८१ हा वर्ग वापरावा, पूर्वी कधी फ्रॅक्चर झालेले असले तरीही. आणि तसा इतिहास असल्यास एम ८१ च्या कोडमागोमाग झेड ८७.३१० द्यावा, असे तेथे म्हटले आहे. टॅब्युलर लिस्टमध्ये (कोडांच्या क्रमवार यादीत) एम ८१ च्या खाली हीच टीप पुन्हा येते. क्रमही यातूनच ठरतो: आजार पुढे, इतिहास मागे. फ्रॅक्चर संपले असले तरी आजार संपलेला नसतो, हे या जोडीतून कळते. म्हणून नुसता झेड ८७.३१० देऊन एम ८१.० गाळणे ही एम ८० चुकीने लावण्याइतकीच मोठी चूक आहे, आणि नवशिक्यांकडून ती जास्त वेळा होते.

डी हे अक्षर येथे का बसत नाही, तेही लिहावे. सक्रिय उपचार संपल्यानंतर हाड भरून येण्याच्या काळात जी नेहमीची देखभाल होते, म्हणजे प्लॅस्टर बदलणे, एक्स-रे काढून जुळणी पाहणे, ब्रेस काढणे, त्या भेटींसाठी डी असते. तुमच्या बाईंच्या मणक्याकडे या भेटीत कोणी पाहिलेही नाही. त्या आल्या त्या गोळी चालू ठेवायची की नाही हे विचारायला.

मनगटाबद्दल क्यूएचे म्हणणे टिकणारे नाही. सी.१३.डी मध्येच पुढे म्हटले आहे की, ज्ञात ऑस्टिओपोरोसिस असलेल्या रुग्णाला फ्रॅक्चर झाले आणि ज्या किरकोळ पडण्याने ते झाले त्याने निरोगी हाड सहसा मोडले नसते, तर आघाताचा कोड न देता एम ८० वर्गातलाच कोड द्यावा. २०२१ मध्ये ते फ्रॅक्चर चालू असताना एम ८०.०३२ चे झाले असते. मग बरे झाल्यावर त्याची जात बदलून ते आघाताचे कसे होईल? शिवाय डॉक्टरांनी स्वतः 'फ्रॅजिलिटी फ्रॅक्चर्स' असे अनेकवचन वापरले आहे. अल्फाबेटिक इंडेक्समध्ये वैयक्तिक इतिहास, फ्रॅक्चर, फ्रॅजिलिटी असे उतरत गेलात तर झेड ८७.३१० वरच पोहोचाल. मणका आणि मनगट अशी दोन फ्रॅक्चर्स असली तरी कोड एकदाच द्यायचा, कारण एकाच भेटीत एकच कोड दोनदा नोंदवता येत नाही आणि या कोडमध्ये जागा सांगण्याची सोय नाही.

झेड ७९.८३ बद्दल एक सावधगिरी. तो बिस्फॉस्फोनेटच्या दीर्घकालीन वापराचा कोड आहे आणि अलेन्ड्रोनेट त्या गटातले आहे, म्हणून येथे योग्य. पण आजकाल निम्म्या चार्टांत सहा महिन्यांनी दिले जाणारे डेनोसुमॅबचे इंजेक्शन दिसते. ते औषध बिस्फॉस्फोनेट नाही, आणि तेथे सवयीने झेड ७९.८३ देऊ नये.

हाडांचा_डॉक्टर

मी कोडर नाही. बडोद्यात अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो आणि माझी भाची या क्षेत्रात असल्यामुळे हा धागा माझ्यापर्यंत आला. डॉक्टरांच्या नोंदी तुम्हाला कोड्यासारख्या का वाटतात, याचे एक कारण सांगावेसे वाटते.

मनगटाचे फ्रॅक्चर साधारण सहा आठवड्यांत प्लॅस्टरमधून सुटते आणि नंतरच्या एक्स-रेवर पुष्कळदा त्याचा मागमूसही राहत नाही. मणक्याचे तसे नसते. चेपलेला मणका दोन-तीन महिन्यांत भरून येतो, दुखणे थांबते, परंतु त्याची गेलेली उंची परत येत नाही; पुढची बाजू बसकी आणि मागची उंच, असा पाचरीसारखा आकार कायम राहतो. त्यामुळे पुढच्या प्रत्येक एक्स-रेच्या रिपोर्टात रेडिऑलॉजिस्ट 'एल १ वेज कॉम्प्रेशन' असे लिहीतच राहतो. ते वाक्य आकाराचे वर्णन असते. फ्रॅक्चर आजचे आहे असे ते म्हणत नाही. ताजे की जुने हे ठरवायचे झाल्यास आम्ही एमआरआय करून हाडाच्या मगजात सूज दिसते का ते पाहतो, कारण ताज्या फ्रॅक्चरमध्ये ती सूज दिसते आणि जुन्यात ओसरलेली असते. दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या आजी माझ्याकडे गुडघ्यासाठी येतात आणि छातीच्या एक्स-रेत एखादा जुना चेपलेला मणका सापडतो. त्यांना तो कधी चेपला हे आठवतही नाही, 'एकदा पाण्याची बादली उचलताना कंबर धरली होती' एवढेच सांगतात. अशा वेळी 'बरे झाले' हा शब्द आम्ही लिहीत नाही, कारण आमच्या लेखी ते उघडच असते. तुम्हाला मात्र तोच शब्द हवा असतो, हे मला भाचीने सांगेपर्यंत ठाऊक नव्हते.

पडण्याविषयी पाढे_पाठ यांनी लिहिले ते वैद्यकीय दृष्ट्याही बरोबर आहे. उभ्या उंचीवरून किंवा त्याहून कमी उंचीवरून पडून हाड मोडले, तर दोष पडण्याकडे कमी आणि हाडाकडे जास्त असतो.

आणि हा इतिहास आम्ही दर वेळी का लिहितो, तर पुढचा धोका त्यावरून कळतो. ऑस्टिओपोरोसिसमुळे एक मणका चेपलेल्या सुमारे पाचपैकी एका स्त्रीला पुढच्या वर्षभरात दुसरा मणका चेपतो. डेक्साचा टी-स्कोअर उणे २.५ च्या वर असला, म्हणजे अहवालात नुसते ऑस्टिओपेनिया आले, तरी असे फ्रॅक्चर होऊन गेले असल्यास आम्ही अनेकदा निदान ऑस्टिओपोरोसिसचेच करतो आणि उपचारही त्याचेच देतो.

पाढे_पाठ (कोडिंग प्रशिक्षक)

डॉक्टरसाहेब, शेवटच्या वाक्यासाठी विशेष आभार, कारण नेमका तेथेच कोडर घसरतो. डॉक्टर ते निदान करू शकतात, कोडर करू शकत नाही. नोंदीत 'ऑस्टिओपेनिया, पूर्वी फ्रॅजिलिटी फ्रॅक्चर' एवढेच असेल तर ऑस्टिओपेनियाचा एम ८५.८ वर्गातला कोड आणि त्यासोबत झेड ८७.३१० असेच जाईल. फ्रॅक्चर आहे म्हणजे ऑस्टिओपोरोसिस असणारच, असा तर्क करून एम ८१.० आपण आपल्या मनाने लावायचा नाही. शंका असेल तर डॉक्टरांना क्वेरी (लेखी विचारणा) पाठवावी.

ऑडिटची_लेखणी

मी दुसऱ्या एका कंपनीत क्यूए पाहते, तेव्हा क्यूएची बाजू थोडी मांडते. वारसियाताई, तुमचे तिन्ही कोड मला मान्य आहेत आणि झेड ८७.८१ चा आग्रह चुकीचाच आहे. पण एम ८०.०८एक्सडी बाबत 'सॉफ्टवेअरने आणले म्हणून मी दुर्लक्ष केले' एवढ्यावर रिबटल उभे राहणार नाही. निदान शब्दांत लिहिणे हे डॉक्टरांचे काम आहे आणि नुसता कोड क्रमांक त्या शब्दांची जागा घेऊ शकत नाही, हे तुमच्या बाजूचे. परंतु येथे क्रमांकासोबत 'सध्याचे पॅथॉलॉजिकल फ्रॅक्चर' हे शब्दही छापले गेले आहेत आणि खाली सही आहे. म्हणजे एकाच नोंदीत दोन परस्परविरोधी विधाने आहेत, आणि विरोध असला की तो सोडवणे डॉक्टरांच्या हाती आहे, तुमच्या किंवा माझ्या नाही. दोन्ही ठेवून वेळ मारून नेण्याचीही सोय नाही, कारण एम ८१ खाली एम ८० एक्सक्लूड्स १ मध्ये, म्हणजे सोबत न लावायच्या कोडांच्या टिपेत, आहे. दोघांपैकी एकच जाऊ शकतो.

क्वेरी उत्तर सुचवणारी नसावी. 'हे फ्रॅक्चर बरे झालेले आहे ना?' असे विचारले तर उत्तर काही आले तरी ऑडिटमध्ये ते उभे राहत नाही. आमच्याकडे मजकूर साधारण या धर्तीचा असतो, अर्थात इंग्रजीत:

'या भेटीच्या नोंदीत पूर्वेतिहासात एल १ मणक्याचे २०१९ मधील फ्रॅक्चर बरे झाल्याचा उल्लेख आहे. असेसमेंटखालील यादीत तेच फ्रॅक्चर सध्याचे व भरून येत असलेले असे दिसते. आपल्या वैद्यकीय मतानुसार या भेटीच्या वेळची स्थिती कृपया नोंदवावी: सध्याचे, भरून येत असलेले फ्रॅक्चर, पूर्ण बरे झालेले जुने फ्रॅक्चर, जुन्या फ्रॅक्चरचा उरलेला परिणाम, असल्यास कोणता, अन्य, निश्चित सांगता येत नाही.'

त्यातला तिसरा पर्याय मी मुद्दाम ठेवते. समजा याच बाईंना त्या चेपलेल्या मणक्यामुळे पाठीला बाक आला असता आणि त्या बाकासाठी त्या आल्या असत्या, तर फ्रॅक्चर बरे झालेले असूनही झेड ८७.३१० चुकीचा ठरला असता. तेव्हा आधी परिणामाचा कोड, म्हणजे दुय्यम कायफोसिससाठी एम ४०.१ वर्गातला, आणि त्यानंतर एस या सातव्या अक्षरासह एम ८०.०८एक्सएस असा क्रम लागतो. इतिहासाचा कोड अशा गोष्टीसाठी असतो जी आता उरलेली नाही, जिच्यावर उपचार चालू नाहीत, पण जी पुन्हा होऊ शकते किंवा आजच्या उपचारांवर प्रभाव टाकते. काही उरले असेल आणि त्यावर आज उपचार होत असतील, तर तो इतिहास नव्हे.

एक बाब कानाआड करू नका. झेड ८७.३१० मुळे रिस्क ॲडजस्टमेंटचा स्कोअर (रुग्ण किती आजारी यावरून विम्याची रक्कम ठरवणारा आकडा) वाढत नाही, म्हणून काही ठिकाणी चालू फ्रॅक्चरचा कोड प्रॉब्लेम लिस्टमधून वर्षानुवर्षे पुढे ढकलत राहण्याची सवय असते. मी असे चार्ट पाहिले आहेत ज्यांत पहिल्या दिवशीचे ए हे अक्षर चौथ्या वर्षीही तसेच होते, जणू रुग्ण रोज नव्याने पडत होता. तुमच्या क्यूएचा हेतू तसा आहे असे मी म्हणत नाही, पण क्लायंटच्या पुढच्या ऑडिटमध्ये हीच ओळ आधी उघडली जाईल, असे रिबटलमध्ये सौम्य शब्दांत लिहायला हरकत नाही.

वारसिया_रात्रपाळी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. क्वेरी आजच्या शिफ्टमध्येच पाठवते आणि रिबटलमध्ये सी.१३.डी चा संदर्भ देऊन मनगटाचा मुद्दा स्वतंत्र मांडते, म्हणजे क्वेरीचे उत्तर येईपर्यंत निदान झेड ८७.८१ चा एरर तरी मागे घेतला जाईल. कर्करोगाच्या चार्टाबद्दल मात्र अजून गोंधळ आहे. त्यात डॉक्टरांनी 'उजव्या फीमरचे पॅथॉलॉजिकल फ्रॅक्चर, नेलिंगनंतर पूर्ण जुळले. हाडांतील प्रसारासाठी झोलेड्रोनिक ॲसिड चालू' असे लिहिले आहे. स्तनाची शस्त्रक्रिया सहा वर्षांपूर्वी झाली असून आता स्तनाच्या गाठीवर कोणताही उपचार चालू नाही, असेही नोंदीत आहे. यांना ऑस्टिओपोरोसिस नाही, तरी झेड ८७.३१० चालेल का?

पाढे_पाठ (कोडिंग प्रशिक्षक)

नाही. झेड ८७.३१० फक्त ऑस्टिओपोरोसिस आणि फ्रॅजिलिटी फ्रॅक्चरसाठी आहे. अन्य आजारामुळे मोडलेल्या आणि आता बरे झालेल्या हाडासाठी झेड ८७.३११ आहे, आणि ट्यूमरमुळे झालेले फ्रॅक्चर त्यातच बसते. ते फ्रॅक्चर चालू असताना एम ८४.५५१ होते; तेव्हा भेटीचा रोख फ्रॅक्चरवर असेल तर ते आधी आणि ट्यूमरवर असेल तर ट्यूमर आधी, असा क्रमाचा नियम लागत होता. आता हाड जुळले असल्याने तो नियम उरत नाही. या भेटीत हाडांतील प्रसारावर उपचार चालू आहेत, म्हणून सी ७९.५१ पुढे येईल. स्तनाचा मूळ कर्करोग काढून टाकलेला आहे, त्यावर उपचार नाहीत आणि तो तेथे उरल्याचा पुरावाही नाही, म्हणून झेड ८५.३; पण रुग्ण हार्मोनची गोळी घेत आहे का हे औषधांच्या यादीत पाहा, कारण ती मूळ कर्करोगाचा उपचार म्हणून चालू असल्याचे डॉक्टरांनी लिहिले असेल तर हिशेब बदलतो आणि सी ५० वर्गात परत जावे लागते. त्यानंतर झेड ८७.३११. येथे दोन इतिहास एकाच चार्टात शेजारी बसले आहेत आणि मध्ये एक चालू आजार आहे, म्हणून गोंधळ होणे साहजिक आहे: गाठ गेली, हाड जुळले, प्रसार मात्र आहे.

धावपटू मुलीचे सोपे आहे. स्ट्रेस फ्रॅक्चर बरे झालेले असेल तर झेड ८७.३१२. ते चालू असते तर एम ८४.३ वर्गात गेले असते.

मांजलपूरकर

वर्षाचा हिशेब मागे घेतो. एक शंका मात्र राहिली: माझी बहीण येथल्या एका रुग्णालयाच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात आहे. तिला झेड ८७.३१० हा कोड तिच्या पुस्तकात सापडत नाही, असे ती म्हणते. तिचे पुस्तक जुने आहे का?

ऑडिटची_लेखणी

पुस्तक जुने नाही, वेगळे आहे. आपण वापरतो ती आयसीडी-१०-सीएम ही अमेरिकेची स्वतःची विस्तारित आवृत्ती आहे. तेथे ती १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झाली आणि दर ऑक्टोबरात तिच्यात फेरबदल होतात. भारतातील रुग्णालये जी वापरतात ती जागतिक आरोग्य संघटनेची मूळ आयसीडी-१० असते. मूळ आवृत्तीत झेड ८७.३ येथेच फांदी संपते, म्हणजे हाडे, सांधे आणि संयोजी ऊतींच्या आजारांचा वैयक्तिक इतिहास असा एकच कोड मिळतो. ऑस्टिओपोरोसिस, ट्यूमर आणि स्ट्रेस असे पुढचे फाटे नाहीत, आणि भेटीचा टप्पा सांगणारी ए, डी, एस ही सातवी अक्षरेही नाहीत. एम ८० आणि एम ८१ हे वर्ग मात्र दोन्हीकडे आहेत, तेव्हा फ्रॅक्चरसह की फ्रॅक्चरविना एवढा भेद तुमच्या बहिणीलाही करता येईल.

वारसिया_रात्रपाळी

क्वेरीचे उत्तर आले. डॉक्टरांनी दुसरा पर्याय निवडला, 'बरे झालेले' असे ॲडेंडम (पुरवणी नोंद) जोडले आणि प्रॉब्लेम लिस्टमधली जुनी ओळ बंद केली. क्यूएने दोन्ही एरर मागे घेतले. आता त्याच क्लिनिकच्या मागच्या तिमाहीतील एम ८०.०८एक्सडी लावलेले चार्ट पुन्हा उघडायला सांगितले आहे.